युरोपात ऑफिस नाही, पण युरोपच्या वीज-गॅसचे सौदे करता? रेमिट प्रतिनिधी नेमण्याची वाट, पायरीपायरीनं

"कंपनी सिंगापूरची, ट्रेडर दुबईत, बॅक ऑफिस पुण्यात. युरोपात आमची साधी खुर्चीसुद्धा नाही. मग युरोपचा कायदा आम्हाला लागतोच कसा?"

या कामात नव्यानं आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर असं, की कायदा कंपनीचा पत्ता विचारत नाही, माल कुठे पोचणार ते विचारतो. वीज किंवा नैसर्गिक वायू युरोपीय संघात पोचता होणार असेल, तर त्याच्या घाऊक सौद्याला रेमिट लागतो. सौदा करणारा लंडनमध्ये बसलेला असो, जिनिव्हात असो की खराडीत.

रेमिट म्हणजे युरोपीय संघाचा नियम क्रमांक १२२७/२०११. घाऊक ऊर्जा बाजारात सचोटी राहावी, व्यवहार उघड दिसावेत यासाठी तो केला. आतली, म्हणजे अजून जाहीर न झालेली माहिती हाताशी धरून सौदे करायचे नाहीत, हे कलम ३. आपल्याकडची अशी माहिती वेळेत जाहीर करायची, हे कलम ४. भावात हेराफेरी करायची नाही, हे कलम ५. सौद्यांची माहिती नियामकांना कळवायची, हे कलम ८, आणि नोंदणी करायची, हे कलम ९. पुढे २०२२ साली गॅसचे भाव आभाळाला भिडले तेव्हा या कायद्यात कुठे कुठे भोकं आहेत ते सगळ्यांना दिसलं. त्यातून २०२४/११०६ हा दुरुस्ती नियम आला आणि ७ मे २०२४ पासून अंमलात आला. बाहेरच्या कंपन्यांसाठी त्यातला सगळ्यात मोठा बदल कलम ९ मध्ये आहे. संघाबाहेर नोंदलेल्या कंपनीनं संघातल्या एका सदस्य देशात लेखी अधिकारपत्र देऊन प्रतिनिधी नेमायचा आणि त्याच देशाच्या नियामकाकडे नोंदणी करायची. हे बंधन ८ नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. ज्यांची नोंदणी त्याआधी झालेली होती त्यांनाही सूट नाही.

मी रोज हेच काम करते. कागद तयार करणं यात अवघड नाही, पंधरा दिवसांत होतात. अवघड असतं ते कागदावरच्या प्रतिनिधीमागे खरंच उत्तर देणारं कुणीतरी उभं करणं. म्हणून या लेखात काही पायऱ्या मी झरझर उरकणार आहे आणि दोन ठिकाणी बराच वेळ थांबणार आहे.

पहिली पायरी: आपण यात येतो का ते तपासा

कंपनीच्या सौद्यांची यादी समोर घ्या. कंपनीची म्हणजे ग्रुपची नव्हे. प्रत्येक कायदेशीर कंपनी वेगळी धरायची. ग्रुपमधल्या एकीची नोंदणी दुसरीला चालत नाही.

आता प्रत्येक सौद्याला एकच प्रश्न विचारा: पोच कुठे? संघात पोच असलेला वीज किंवा गॅस पुरवठ्याचा घाऊक करार यात येतो. त्यावर आधारलेले डेरिव्हेटिव्ह येतात, प्रत्यक्ष माल हलत नसला तरी. पाइपलाइनची किंवा वीजवाहिनीची क्षमता घेण्याचे करार येतात. २०२४ च्या दुरुस्तीनं साठवणुकीचे करारही आणले. अंतिम ग्राहकाला विकलेली वीज सहसा यात येत नाही, पण तो ग्राहक वर्षाला ६०० गिगावॅट-तासांपेक्षा जास्त वीज किंवा गॅस वापरण्याच्या ताकदीचा असेल तर तोही करार घाऊक ठरतो.

"आम्ही ब्रोकरमार्फत करतो" किंवा "एक्स्चेंजवर करतो, तेच कळवतात" ही उत्तरं मी फार ऐकली आहेत. मध्ये कुणी असलं तरी सौद्याची बाजू तुमचीच असते.

एलएनजीवाल्यांनी, म्हणजे जहाजानं येणाऱ्या द्रवरूप नैसर्गिक वायूचा धंदा करणाऱ्यांनी, इथे जास्त सावध राहायचं. आपल्याकडच्या वाचकाला हे दाभोळवरून चटकन कळेल. एखादं जहाज आज रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या टर्मिनलकडे निघालेलं असतं. उद्या युरोपातला भाव चढला, करारात मुभा असली, की तोच माल रॉटरडॅम किंवा झीब्रुगेकडे वळवता येतो. माल वळला की सौद्याचा स्वभावही बदलतो. संघात उतरणाऱ्या एलएनजीची खरेदी-विक्री करणारा कुणीही, त्याची कंपनी कुठल्याही देशात नोंदलेली असो, एलएनजी बाजाराचा सहभागी मानला जातो आणि त्यानं आपली आकडेवारी एसरला रोज द्यायची असते. एसर म्हणजे ऊर्जा नियामकांच्या सहकार्यासाठीची युरोपीय संस्था. तिचं मुख्यालय स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरात आहे. जानेवारी २०२३ पासून ती एलएनजीच्या भावाचा रोजचा अंदाजही प्रसिद्ध करते.

ब्रिटनबद्दल एक सांगून ठेवते, कारण पुण्या-मुंबईतली बरीच बॅक ऑफिसं लंडनच्या डेस्कसाठी काम करतात. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचा रेमिट वेगळा आणि तिथला नियामक ऑफजेम. लंडनच्या कंपनीनं डच गॅस विकला तर युरोपीय रेमिटच्या नजरेत ती बाहेरचीच. स्वित्झर्लंडच्या कंपन्यांचंही तसंच.

दुसरी पायरी: देश ठरवा

प्रतिनिधी कुठल्याही देशात नेमून चालत नाही. ज्या सदस्य देशाच्या घाऊक बाजारात तुम्ही खरोखर व्यवहार करता, त्या देशातलाच हवा. आणि नोंदणी एकाच नियामकाकडे करायची असते, दोघांकडे नाही.

मोठा व्यवहार टीटीएफवर, म्हणजे नेदरलँड्सच्या गॅस हबवर असेल तर हेग इथलं एसीएम. जर्मन विजेत असेल तर बॉनचं बुंडेसनेत्सआगेन्तुर. फ्रान्समध्ये पॅरिसचं सीआरई, ऑस्ट्रियात व्हिएन्नाचं ई-कंट्रोल, इटलीत मिलानचं अरेरा. दोन-तीन देशांत व्यवहार असेल तर निवड तुमच्या हातात राहते. ती करताना सल्लागाराची फी बघू नका, सौदे बघा. बहुतेक सौदे जर्मनीत आणि प्रतिनिधी मात्र भलतीकडेच, कारण तिथला वकील स्वस्त पडला, अशा मांडणीवर पहिल्याच पत्रात प्रश्न येतो.

जुनी नोंदणी एका देशात आणि नवा प्रतिनिधी दुसऱ्या देशात, असंही काहींचं झालं आहे. कायद्याला दोन्ही एकाच देशात हवेत. तेव्हा प्रतिनिधीच्या करारावर सही करण्याआधी आपली नोंदणी कुठे आहे ते एकदा उघडून बघा.

तिसरी पायरी: कुणाला नेमायचं

तारापूर, महाड, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत निर्यात सांभाळणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. रीच या युरोपच्या रसायनांसाठीच्या कायद्याखाली ते कित्येक वर्षं युरोपात 'ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह' ठेवत आले आहेत. रेमिटचा प्रतिनिधी त्याच घरातला, पण काम वेगळं. रीचमध्ये तो पदार्थाची नोंदणी सांभाळतो. इथे त्याला तुमच्या ट्रेडिंगबद्दल नियामकाला उत्तर द्यायचं असतं.

घोटाळा होतो तो नावांचा. सौद्यांचे अहवाल एसरला पाठवणारी नोंदणीकृत यंत्रणा, जिला सगळे आरआरएम म्हणतात, ती म्हणजे प्रतिनिधी नव्हे. ग्रिडवरच्या तुटवड्या-वाढीचा हिशेब घेणारा बॅलन्सिंगचा जबाबदार पक्ष तोही नव्हे. व्हॅटसाठी नेमलेला कर प्रतिनिधीसुद्धा नव्हे. एखादी संस्था यातली दोन कामं करू शकेल, पण प्रत्येकाचा कागद स्वतंत्र हवा.

ग्रुपची संघात एखादी कंपनी असेल तर आधी तिचा विचार करा. तिच्या लोकांना धंदा कळतो, आतले फोन नंबर माहीत असतात. तसं काही नसेल तर वकिली फर्म किंवा रेमिटचं काम करणारी सल्लागार संस्था. मुलाखत घेताना माझे ठरलेले प्रश्न असतात. नियामकाचं पत्र आलं तर ते पहिल्यांदा कोण उघडेल? ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण? ऑर्डर बुक, म्हणजे बाजारात लागलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी, काय असते हे तिला समजतं का? आमच्याच एखाद्या स्पर्धकाचं काम तुमच्याकडे आहे का? पहिल्या प्रश्नाला "आमची टीम" असं उत्तर आलं, की मी नाव विचारते. नाव सांगता आलं नाही तर पुढच्या संस्थेकडे वळते.

चौथी पायरी: अधिकारपत्र

इथे थांबायचं.

कायद्याची अपेक्षा नेमकी आहे. प्रतिनिधीला कंपनीच्या वतीनं वागण्याचा लेखी अधिकार हवा, आणि राष्ट्रीय नियामकांशी व एसरशी वेळेत, नीट सहकार्य करता यावं यासाठी लागणारे अधिकार आणि साधनं कंपनीनं त्याला द्यायची आहेत. माझ्या मते या वाक्यातला कळीचा शब्द साधनं हा आहे. अधिकार कागदावर देता येतो. साधनं म्हणजे माणसं, माहिती आणि पैसा.

इंटरनेटवर मिळणारे अधिकारपत्राचे नमुने एका पानाचे असतात: अमुक कंपनी तमुक संस्थेला कलम ९ साठी नेमत आहे, खाली सही, शिक्का. नोंदणीपुरतं ते चालूनही जाईल, पण पहिली चौकशी आली की उघडं पडेल. मी जो मसुदा करते त्यात एवढ्या गोष्टी असतातच:

नियामकाची पत्रं, नोटिसा, माहितीच्या मागण्या आणि निर्णय कंपनीच्या वतीनं स्वीकारण्याचा अधिकार.

उत्तर देण्याचा अधिकार, आणि कुठलं उत्तर कंपनीच्या लेखी मंजुरीशिवाय द्यायचं नाही, ही मर्यादा. मंजुरी किती तासांत द्यायची तेही. हे लिहिलं नाही तर प्रतिनिधी मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्या मेलची वाट बघत बसतो.

सौदे, रद्द केलेल्या ऑर्डरी, चॅट आणि फोनचं रेकॉर्डिंग मागण्याचा प्रतिनिधीचा हक्क, आणि कंपनीत ते पुरवणाऱ्या माणसाचं पद. फक्त नाव घालू नका, माणसं नोकऱ्या बदलतात.

मेहनताना, आणि चौकशी आली तर वाढीव खर्च कोण उचलणार. अंगावर काम पडल्यावर फीची घासाघीस सुरू झाली की मुदत वाहून जाते.

करार संपवण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, नवा प्रतिनिधी येईपर्यंत जुन्यानं थांबायचं का, आणि कागदपत्रं कशी सोपवायची.

सहीच्या आधी संचालक मंडळाचा ठराव करून घ्या. कंपनी भारतीय असेल तर नोटरी पुरेल की अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्काही लागेल, अधिकारपत्र त्या देशाच्या भाषेत हवं की इंग्रजी चालेल, हे नियामकालाच मेल करून विचारा. ते उत्तर देतात, आणि ते उत्तर फाइलला राहतं.

एक गैरसमज मात्र मुळातून काढून टाका. प्रतिनिधी नेमला म्हणून जबाबदारी त्याच्याकडे गेली, असं होत नाही. सौदे तुमचे, कर्तव्यही तुमचंच.

पाचवी पायरी: नोंदणी

नोंदणी सेरेंप नावाच्या समाईक यंत्रणेतून होते, काही देशांत नियामकाच्या स्वतःच्या पोर्टलवरून. कळवण्याजोगा पहिला सौदा होण्याआधी ती झालेली असली पाहिजे. अर्जाचे पाच भाग असतात: कंपनीची माहिती, ट्रेडिंगचे व कामकाजाचे निर्णय घेणाऱ्या आणि संपर्क सांभाळणाऱ्या व्यक्ती, कंपनीवर अंतिम नियंत्रण कुणाचं, ग्रुपमधल्या इतर नोंदणीकृत कंपन्यांशी नातं, आणि अहवाल तुमच्या वतीनं कोण पाठवणार. नोंदणी झाली की १२ अक्षर-अंकांचा एसर कोड मिळतो. त्याच्या शेवटी टिंब देऊन देशाची दोन अक्षरं असतात. यापुढे प्रत्येक अहवालात हाच कोड.

अर्जाआधी एलईआय, म्हणजे कंपनीची जगभर चालणारी ओळख, घेऊन ठेवा. हा २० अक्षर-अंकांचा कोड भारतात लीगल एंटिटी आयडेंटिफायर इंडिया लिमिटेड ही मुंबईची संस्था देते. दर वर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं तर बाकी सगळं बरोबर असूनही फाइल अडते.

तिसऱ्या भागाला, म्हणजे अंतिम नियंत्रणाला, वेळ द्या. कुटुंबाचे ट्रस्ट, दोन-तीन देशांतल्या होल्डिंग कंपन्या असं जाळं असेल तर आधी कागदावर चित्र काढा आणि मगच अर्ज भरा. माहिती बदलली की ती तातडीनं दुरुस्त करणं हेही कंपनीचंच काम.

सहावी पायरी: पत्र आलं तर काय होईल, ते आधीच करून बघा

एका कंपनीत घडलेलं सांगते. प्रतिनिधी नेमलेला होता, अधिकारपत्र होतं, एसर कोड होता, सगळं जागच्या जागी. एका गुरुवारी नियामकाचं पत्र आलं. एका ठरावीक दिवशी दुपारी दोन तासांत जर्मनीच्या इंट्राडे, म्हणजे त्याच दिवसाच्या विजेच्या बाजारात टाकलेल्या सगळ्या ऑर्डरी द्या, रद्द केलेल्यासुद्धा, आणि त्या वेळचे ट्रेडरचे संदेशही. प्रतिनिधीनं पत्र त्याच दिवशी पुढे पाठवलं. पण ज्या पत्त्यावर पाठवलं तो माणूस तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. पत्र पुढच्या मंगळवारी सापडलं.

नंतर ऑर्डरी शोधायला घेतल्या. पुण्याच्या सर्व्हरवर फक्त झालेले सौदे होते. रद्द ऑर्डरी ट्रेडिंग स्क्रीन पुरवणाऱ्या कंपनीकडे, त्या मागवाव्या लागल्या. त्या आल्या, शीटमध्ये जोडल्या, आणि मी डोक्याला हात लावला. एका स्तंभात भारतीय वेळ होती, दुसऱ्यात जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे ऑर्डर टाकण्याआधीच ती रद्द झालेली दिसत होती. अशी शीट नियामकाच्या हातात गेली असती तर नसलेला संशय आम्हीच पेरला असता. त्या इंट्राडे बाजारात पंधरा पंधरा मिनिटांचे सौदे होतात, तिथे साडेपाच तासांची चूक म्हणजे बावीस सौद्यांची सरमिसळ.

तेव्हापासून मी नोंदणी झाली की महिन्याभरात खोटं पत्र पाठवायला लावते. प्रतिनिधीच्या पत्त्यावर, कुणालाही आधी न सांगता, एका जुन्या दिवसाची मागणी. घड्याळ लावून बघायचं: कुणी उघडलं, कुणाला पाठवलं, माहिती कुठून आली, वेळ कुठल्या पट्ट्यातली, उत्तराला मंजुरी कुणी दिली. पहिल्या फेरीत सगळं सुरळीत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सराव त्याचसाठी असतो.

वेळेचं आणखी एक. भारताची वेळ मध्य युरोपच्या उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार तास. हेगमधून दुपारी चार वाजता फोन आला तर पुण्यात हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. रात्रीचा फोन कोण उचलणार याचं वेळापत्रक भिंतीवर लावा, आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं बदलली की तेही बदला.

सातवी पायरी: बाकीची कर्तव्यं

प्रतिनिधीच्या गडबडीत यांच्याकडे दुर्लक्ष होतं. प्रमाणित करारांचे अहवाल आरआरएममार्फत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जायला हवेत, अप्रमाणित करारांचे महिन्याभरात. आतली माहिती मान्यताप्राप्त प्लॅटफॉर्मवरच जाहीर करायची, नुसतं कंपनीच्या वेबसाइटवर टाकून भागत नाही. अल्गोरिदम वापरून सौदे करत असाल तर कलम ५अ नुसार नोंदणीच्या देशातल्या नियामकाला आणि एसरला स्वतंत्रपणे कळवायचं. हे तीनही विषय वेगवेगळे आहेत. ज्या टीमकडे प्रतिनिधीचं काम दिलं, तिलाच तेही येत असेल असं गृहीत धरू नका.

दंडाबद्दल. सदस्य देशांनी कंपन्यांसाठी कमाल दंडाची मर्यादा किती ठेवायची याचं किमान प्रमाण २०२४ च्या दुरुस्तीनं ठरवून दिलं. कलम ३ आणि ५ मोडलं तर आदल्या वर्षीच्या एकूण उलाढालीच्या किमान १५ टक्के, कलम ४ आणि कलम १५ (संशयास्पद सौदे नियामकांना कळवणं) साठी २ टक्के, कलम ८ आणि ९ साठी १ टक्का. म्हणजे फक्त नोंदणी किंवा प्रतिनिधी चुकला तरी हिशेब नफ्यावर नाही, उलाढालीवर होतो. ट्रेडिंगच्या धंद्यात उलाढाल प्रचंड आणि नफा पातळ असतो. तुमच्या सीएफओंना हा फरक एका ओळीत सांगा, बजेट लगेच मंजूर होतं.

बाहेरच्या कंपनीला कोण हात लावणार, असं वाटत असेल तर २०१८ सालचं उदाहरण पाहा. दक्षिण फ्रान्समधल्या पेग स्यूद या गॅस बाजारात २०१३-१४ मध्ये केलेल्या हेराफेरीबद्दल सीआरईच्या दंड समितीनं जिनिव्हाच्या व्हिटोल कंपनीला ५० लाख युरोंचा दंड केला. तेव्हा प्रतिनिधीची अटसुद्धा नव्हती. आता एसरलाही एकाहून जास्त देशांत पसरलेल्या प्रकरणांची स्वतः चौकशी करता येते, जागेवर जाऊन तपासणीही. दंड करण्याचा अधिकार मात्र अजून राष्ट्रीय यंत्रणांकडेच आहे.

प्रतिनिधी बदलायचा झाला तर

कधी तरी ही वेळ येते. फी वाढते, ग्रुपची युरोपात कंपनी उभी राहते, संस्था ते काम बंद करते. अशा वेळी आधी नव्याशी करार करा, मग नियामकाला दोघांची नावं आणि बदलाची तारीख कळवा, पोच घ्या, आणि त्यानंतरच जुन्याचं अधिकारपत्र रद्द करा. हा क्रम उलटा झाला तर मधले दिवस तुम्ही प्रतिनिधीशिवाय सौदे करत असता. जुन्याकडून चालू पत्रव्यवहाराची यादी सहीनिशी घ्या, त्यात 'प्रलंबित काही नाही' असं असेल तर तेही लिहून घ्या. आणि नव्याला पहिल्याच आठवड्यात एक खोटं पत्र पाठवा.